एकशे त्र्याण्णव

"बाई, तुमच्या यादीनं आज सुतारकाकांना सहा नंबरवर घातलंय," असं म्हणत सिस्टर आत आल्या आणि न विचारता स्टुलावर बसल्या. एरवी त्या बसत नसत. एकदा बसलं की गुडघे उठू देत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "सहा नंबर? ते तर काविळीचं."

"तेच तर. सुई टोचायला घेतली होती. सहज वर पाहिलं तर मशीनवर लाल पट्टी. म्हटलं, काका, उठा, ही तुमची जागा नव्हे. तर म्हणतात कसे, आज खिडकी मिळाली म्हणून मी खूश होतो."

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी यादीचा कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर तळहात दाबून धरला, जणू तो उडून जाईल.

डायलिसिसच्या विभागात सहा मशीनं होती. ज्यांची मूत्रपिंडं कामातून गेलेली अशी माणसं आठवड्यातून तीनदा येऊन चार-चार तास तिथे पडून राहायची, आणि मशीन त्यांचं रक्त बाहेर काढून, धुऊन पुन्हा आत सोडायचं. कोणी कुठल्या वारी, कुठल्या पाळीला, कुठल्या मशीनवर यायचं, ती यादी रोज सकाळी बाईंच्या प्रोग्राममधून छापून निघे. ज्यांच्या रक्तात काविळीचा विषाणू होता त्यांच्यासाठी सहा नंबर राखून ठेवलेला. तो दुसऱ्या कुणाला लावायचा नाही, हा तिथला पहिला नियम. आणि सुतारकाका नऊ वर्षं नेमानं येत होते, येताना कधी सिस्टरांच्या ड्रॉवरची मूठ तर कधी या स्टुलाचा पाय दुरुस्त करून देत होते. त्यांना बाकी सतरा दुखणी होती, पण कावीळ नव्हती.

"सुई आत गेली नाही ना?"

"नाही गेली. पण बाई, मी वर पाहिलं नसतं तर?"

सिस्टरांच्या तळहाताखालून बाईंनी कागद ओढून घेतला. एकतीस वर्षांत ही यादी अशी कधी चुकली नव्हती.

तेवढ्यात साहेब आले, हातात चहाचा कप घेऊनच. ते बाईंपेक्षा अठरा वर्षांनी लहान. शिकाऊ म्हणून आले तेव्हा पहिला प्रोग्राम त्यांना बाईंनीच लिहायला लावला होता. आता ते संगणक खात्याचे प्रमुख होते, पण 'बाई' म्हणताना अजून त्यांचा आवाज थोडा खाली यायचा.

"मी काहीच केलं नाही हो बाई," ते म्हणाले. "दोन नवीन मशीनं लागली ना, म्हणून काल जाता जाता सहाच्या जागी आठ केलं. एक आकडा फक्त. तुमच्या ओळींना हातसुद्धा लावला नाही."

"सहा कुठे होतं?"

"तुमच्या ओळींत."

"मग हात कसा नाही लावला?"

साहेबांनी कप खिडकीत ठेवला आणि भिंतीकडे पाहिलं. सिस्टरांनीही पाहिलं. बाईंनी पाहिलं नाही. त्यांना ते पाठ होतं. भिंतीवर एक फ्रेम होती. आत उन्हानं पिवळा पडलेला कागद, त्यावर प्रोग्रामच्या सात ओळी, आणि खाली तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरांच्या हस्ताक्षरात लिहिलेलं: 'सात ओळींचा चमत्कार.'

एकतीस वर्षांपूर्वी बाई सत्तावीस वर्षांच्या होत्या. त्या काळी संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे. खोली इतकी गार असे की भर उन्हाळ्यात बाई स्वेटर घालून बसत, आणि यंत्राची स्मरणशक्ती इतकी तोकडी की एकेक अक्षर काटकसरीनं वापरावं लागे. डायलिसिसची यादी तोवर हातानं होई. तेव्हाच्या हेडसिस्टर रोज दोन तास खोडरबर घेऊन बसायच्या. बाईंनी ते काम सात ओळींत आणलं. फाइलचा नंबर घ्यायचा, त्याला एकशे त्र्याण्णवनं गुणायचं, दोनदा भागायचं, आणि उरलेल्या बाकीतून वार, पाळी आणि मशीन, तिन्ही एका फटक्यात. काविळीच्या रुग्णांची नोंद वेगळ्या वहीत होई; दोन्ही वह्यांतले नंबर ठरलेले, एक मोकळा झाला की तो पुढच्याला मिळे. त्या वहीतला कुठलाही नंबर घातला की बाकी नेमकी सहा नंबरवर जाऊन पडे. 'या माणसाला कावीळ आहे का' हा प्रश्न अख्ख्या प्रोग्राममध्ये कुठे विचारलेलाच नव्हता. लोकांना कौतुक होतं ते त्याचंच. इतर हॉस्पिटलांतून माणसं पाहायला यायची, आणि बाई मान खाली घालून, ओठ आवळून हसायच्या.

पुढे त्यांनी हजारो ओळी लिहिल्या. औषधांचा साठा, एक्स-रेच्या फिल्मा, वॉर्डातल्या चादरी, जेवणाची ताटं. सगळं साधं, एकाखाली एक, प्रत्येक कामाला त्याच्या नावानं हाक मारलेली. ते सगळं चालू होतं, कुणी ना कुणी त्यात भर घालत होतं. त्यातलं काही भिंतीवर लागलं नाही. चादरींचा प्रोग्राम कोण फ्रेम करतो?

"सोमवारपासून अकरा नवीन जण येणारेत," सिस्टर म्हणाल्या. "आत्ता तीन-तीन तास गाडीत बसून दुसऱ्या गावी जातात. परत येताना निम्मे जण ओकतात. मी सगळ्यांना फोन करून सांगून बसलेय."

"नाहीच जमलं तर तूर्त सहा मशीनंच चालवू," साहेब म्हणाले. "सहा महिन्यांत कंपनीचं नवं सॉफ्टवेअर येतंय."

"सहा महिने," सिस्टर म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. त्यांच्या विभागात सहा महिने हा शब्द कुणी सहज वापरत नसे.

"सोमवारपर्यंत होईल," बाई म्हणाल्या. "माझंच तर आहे ते."

सगळे गेल्यावर त्यांनी आठाचं पुन्हा सहा केलं, उद्यापुरती यादी जागेवर आणली, खुर्चीवरची उशी नीट केली आणि त्या सात ओळी समोर घेतल्या. गुणाकार कळला. भागाकार कळले. बाकी कळली. पण एकशे त्र्याण्णवच का? त्यांनी कागदावर मांडून पाहिलं. तेव्हाच्या खाटा मोजल्या. आठवड्याचे तास, पाळ्या, वार, सगळं गुणून-भागून पाहिलं. जेवायच्या सुट्टीत डबा उघडला आणि तसाच मिटला. चार वाजता त्यांना घाम फुटला. हे आपणच लिहिलंय, आणि आपल्यालाच आठवत नाही.

बाईंना घाम का फुटला, ते त्यांच्या घरी गेल्याशिवाय कळायचं नाही.

घरी त्या आणि अक्का, दोघीच. अक्का नऊ वर्षांनी मोठी. मुलींच्या शाळेत गणित शिकवत होती. तिच्या एका नजरेनं वर्गातल्या वेण्या ताठ होत, असं तिच्या विद्यार्थिनी सांगायच्या. दोन वर्षांपूर्वी अक्का बाजारातून दुसऱ्याच कुणाची तरी पिशवी घेऊन घरी आली, आणि ही माझीच म्हणून भांडली. तिथून सुरुवात. आता दिवसभर शेजारच्या काकू येऊन बसत, आणि संध्याकाळी बाई आल्या की त्या चपला पायात सरकवत म्हणत, "आज बरी होती," किंवा काहीच म्हणत नसत.

घरभर बाईंनी चिठ्ठ्या लावल्या होत्या. पहिल्यांदा लावल्या तेव्हा अक्कल चालवली होती: सकाळच्या गोळ्यांना लाल टिकली, रात्रीच्या गोळ्यांना निळी, उपाशीपोटी घ्यायच्या त्यांवर फुली. दिसायला सुरेख. दुसऱ्या दिवशी अक्का डबी हातात धरून अर्धा तास उभी होती. "निळं म्हणजे काय गं?" तिनं विचारलं होतं. मग बाईंनी सगळ्या टिकल्या खरवडून काढल्या आणि पूर्ण वाक्यं लिहिली. 'सकाळचा चहा झाल्यावर यातली एक गोळी घ्यायची.' 'हा दरवाजा बाथरूमचा.' 'धाकटी कामावर गेली आहे. सहा वाजता येईल.'

हे दुखणं घराण्यात असतं, असं डॉक्टर बोलून गेले होते. सहज बोलले होते, पण तेव्हापासून बाई बसमध्ये मनातल्या मनात शंभरापासून उलटे सातसात वजा करत यायच्या. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. शेवटपर्यंत बिनचूक आलं की उतरायच्या. एकदा किल्ली ऑफिसात राहिली तर दोन दिवस झोप नव्हती. आणि आता हे. आयुष्यात एकच गोष्ट अशी केली जी भिंतीवर लागली, आणि नेमकी तीच पुसली गेली होती. आज सात ओळी, उद्या बाजाराची पिशवी.

शुक्रवारचा दिवसही तसाच गेला. साहेब दोनदा डोकावून गेले. दुसऱ्या वेळी म्हणाले, "बाई, राहू द्या. वय झालं की होतं. म्हणजे, प्रोग्रामचं वय म्हणतोय मी." बाई म्हणाल्या, "कळलं."

संध्याकाळी काकू गेल्यावर दोघी बहिणी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मटार सोलत बसल्या. अक्काला ते काम छान जमायचं; हात विसरले नव्हते. बाईंनी शेंगांच्या बाजूला कागद ठेवला होता आणि नकळत त्या पुटपुटत होत्या.

"एकशे त्र्याण्णव?" अक्का मान वर न करता म्हणाली. "अजून तेच घेऊन बसलीस? काल तर नाचत आली होतीस."

"काल?"

"छत्री दारातच टाकलीस उघडी. सगळं पाणी आत. आई ओरडली."

आईला जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. बाईंनी हातातली शेंग खाली ठेवली नाही. जरा हलल्या तर काहीतरी सांडेल असं त्यांना वाटलं.

"काय म्हणाले गं मी, अक्का?"

"सापडला म्हणालीस. मी विचारलं काय सापडला, तर म्हणे आकडा. दोन्ही वह्यांतले सगळे नंबर घातले, एकपासून सुरुवात केली, तीन दुपारी एकेक आकडा लावून पाहत बसले. एकशे ब्याण्णवला अडलं, एकशे त्र्याण्णवला सुटलं."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, तोच का? तर म्हणतेस, का ते कशाला हवंय, चालतोय ना?" अक्कानं एक किडका दाणा नखानं बाजूला उडवला. "रीत न लिहिता नुसतं उत्तर लिहिणाऱ्या मुलीला मी अर्धे गुण देते. तसं सांगितलं तर रुसलीस. जेवली नाहीस."

बाईंनी हातातली शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले. सगळं परत आलं: ती गार खोली, एकेक आकडा टाकून काचेच्या पडद्याकडे पाहत राहणं, आणि सुटलं तेव्हा आजूबाजूला कुणी नव्हतं म्हणून स्वतःशीच वाजवलेली टाळी. कारण त्यांना तेव्हाही ठाऊक नव्हतं. म्हणजे विसरण्यासारखं त्यात काही नव्हतंच. डोकं शाबूत होतं. त्यांना आधी हायसं वाटलं, इतकं की खांदे दुखू लागले. मग हळूहळू दुसरं वाटू लागलं. एकतीस वर्षं लोकांनी ज्याच्याकडे मान वर करून पाहिलं, ते उत्तर होतं, रीत नव्हतीच. अर्धे गुण.

"अक्का," त्या म्हणाल्या, "तुझं बरोबर होतं."

अक्कानं त्यांच्याकडे पाहिलं. ती नजर बाईंना आता ओळखीची झाली होती. सभ्य, जरा पाहुण्याकडे पाहावं तशी. "आमची धाकटी आली नाही अजून," ती म्हणाली. "सहापर्यंत येते. तुम्ही बसा तोवर."

"बसते," बाई म्हणाल्या, आणि पुढची शेंग घेतली.

शनिवारी ऑफिस निम्मं रिकामं होतं. बाईंनी एकतीस वर्षांपूर्वीचं तेच केलं, फक्त या वेळी आठ मशीनं धरून. तेव्हा तीन दुपारी लागल्या होत्या. आताच्या यंत्राला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. सातशे एकोणचाळीस. दोन्ही वह्यांतले सगळे नंबर घातले, अकरा नवीन घातले. काविळीचे सगळे सहा नंबरवर, बाकीचे बाकीच्यांवर, कुणावर कुणी नाही.

साहेब खुर्ची ओढून शेजारी बसले आणि यादी दोनदा वाचली. "झालं की," ते म्हणाले. "बाई, तुम्ही म्हणजे ना. मी काल उगाच बोललो." मग भिंतीकडे पाहून म्हणाले, "फ्रेममधला कागद बदलायला पाहिजे आता."

बाईंना बरं वाटलं. खोटं कशाला सांगावं, चांगलंच बरं वाटलं. निवृत्तीला चार महिने राहिले होते. यादी बिनचूक होती. कुणाला काही सांगायची गरज नव्हती.

ती यादी घेऊन त्या दोन जिने उतरल्या, कठड्याला धरून, आणि डायलिसिसच्या विभागात गेल्या. सिस्टरांनी यादी घेतली आणि वाचायच्या आधीच खिशातून पेन्सिल काढली.

"पेन्सिल कशाला?" बाईंनी विचारलं.

"अं? रोजचंच," सिस्टर म्हणाल्या, आणि बोलता बोलता चार नावांवर बाण काढले. "या आजींना दिसत नाही, त्यांना दाराजवळचं मशीन लागतं. हे लांबून येतात, सकाळच्या पाळीला पोचत नाहीत, यांना दुपारी टाकते. आणि या दोघांचं भांडण आहे, शेजारी ठेवून चालत नाही. रक्तदाब वाढतो दोघांचा."

"रोज करता हे?"

"पहिल्यापासून."

"अहो, मग मला सांगायचं ना."

सिस्टर जरा घुटमळल्या. "तुम्ही एवढ्या हुशार. भिंतीवर लावलेलं. म्हटलं, असेल त्यात काहीतरी, आपल्यालाच कळत नसेल."

पलीकडे दोन नंबरवर सुतारकाका पडून होते. त्यांचा एक हात नळ्यांना बांधलेला, दुसऱ्या हातात वर्तमानपत्र. ते म्हणाले, "सिस्टर, माझं नाव खिडकीवर टाका की कधीतरी. पेन्सिलीनं का होईना."

"तुमच्या खिडकीपायी परवा मला घाम फुटला," सिस्टर म्हणाल्या. "गप पडा."

बाई काकांकडे पाहत राहिल्या. हडकुळा हात, त्यावर सुयांच्या गाठी. परवा यांच्यात आणि सहा नंबरमध्ये काय होतं? सिस्टरांनी सहज वर पाहिलं, तेवढंच होतं. पुढच्या वर्षी मशीनं दहा होतील. तेव्हा आपण इथे नसू; आणि असलो, तरी कुठे असू कोण जाणे. कुणीतरी जाता जाता आठाच्या जागी दहा करेल, एक आकडा फक्त.

त्यांनी यादी उलटी केली आणि सिस्टरांची पेन्सिल मागून घेतली.

"वीज गेली, संगणक बंद पडला, तर यादी कशी करता?"

"हातानं."

"मला सांगा. अगदी पहिल्यापासून. मला काही कळत नाही असं समजून सांगा."

सिस्टर हसल्या. "आधी काविळीचे बाजूला काढायचे. ते सहा नंबरवर, दुसरं काही बघायचंच नाही. मग आजी, दाराजवळ. मग लांबचे, दुपारी. मग ज्यांचं जे मशीन आहे ते त्यांच्याकडेच ठेवायचं, उगाच हलवायचं नाही. माणसांना शेजाराची सवय होते. मग उरलेले, जिथे जागा असेल तिथे."

"आणि भांडणं?"

"भांडणं सगळ्यात शेवटी. ती दर महिन्याला बदलतात."

बाईंनी एकाखाली एक सगळं लिहून घेतलं. सोमवारी सहा नंबरवर गर्दी झाली तर कुणाला थांबवायचं, तेही विचारलं. वर आल्या, दम खाल्ला, आणि सातशे एकोणचाळीस पुसायला घेतले.

"अहो बाई, चालतंय ते," साहेब धावतच आले. "चांगलं चालतंय, कशाला मोडताय?"

"सातशे एकोणचाळीसच का, सांगा."

"ते... ते तुम्हाला माहीत."

"मला नाही माहीत. एकेक आकडा घालून पाहिला, हा बसला. एकशे त्र्याण्णवचंही तेच. तेव्हाही मला माहीत नव्हतं."

साहेब उभेच राहिले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं नाही, हे बाईंनी पाहिलं. शिकाऊ असताना त्यांनी त्या सात ओळी वहीत उतरवून घेतल्या होत्या, आणि त्यांचा अर्थ लावण्यात महिनेच्या महिने घालवले होते. कितीदा तरी ते बाईंना म्हणाले होते, मला अजून नीट उलगडलं नाही, पण एक दिवस उलगडेल. बाईंनी प्रत्येक वेळी नुसतं हसून सोडून दिलं होतं. त्या हसण्याची त्यांना आता लाज वाटली.

"मला वाटायचं माझंच डोकं कमी पडतं," साहेब शेवटी म्हणाले.

"मलाही दोन दिवस तसंच वाटत होतं," बाई म्हणाल्या. "बसा. मी सांगते तसं वाचत जा. जिथे अडेल तिथे मला थांबवा. अडलं तर चूक माझी."

शनिवार संध्याकाळपर्यंत आणि रविवारी दिवसभर त्या लिहीत होत्या. पाठ भरून आली, उशीचा उपयोग होईना. सात ओळींच्या जागी एकशे चाळीस झाल्या. प्रत्येक टप्प्याच्या वर एक साधं वाक्य: 'काविळीचे रुग्ण आधी घ्या. त्यांना फक्त सहा नंबर द्या.' 'ज्यांना दिसत नाही त्यांना दाराजवळचं मशीन द्या.' 'मशीनं किती, ते इथे लिहा. दुसरीकडे कुठेही लिहू नका.' साहेबांनी त्यांना अकरा वेळा थांबवलं. अकराही वेळा बाईंनी ओळ पुसून पुन्हा लिहिली. त्यात चमकदार असं एक अक्षर नव्हतं. यंत्रालाही आधीपेक्षा जास्त वेळ लागत होता. डोळ्याची पापणी एकदा जास्त लवावी, इतका.

सोमवारी यादी छापून निघाली. सिस्टरांनी ती वाचली, पेन्सिल काढली, पुन्हा वाचली आणि पेन्सिल खिशात ठेवली. मग यादी रोजच्या जागी भिंतीला चिकटवली. बस, एवढंच. अकरा नव्यांपैकी पहिल्या पाळीचे आले, आपापल्या मशीनवर जाऊन पडले. त्यांना काय माहीत. कुठेच काही घडलं नाही, आणि बाई दारातून ते न घडलेलं पाहून वर गेल्या.

दुपारी साहेब हसत आले. "सुतारकाकांना मंगळवारी खिडकी मिळणार," ते म्हणाले. "पाच नंबर. एक ओळ घातली मी. 'ज्यांनी मागितलं आहे त्यांना, जागा असेल तर, खिडकीजवळचं मशीन द्या.'"

"कधी घातलीत?"

"आत्ता, जेवणानंतर. दहा मिनिटं लागली. तुम्हाला विचारायला येणार होतो, पण विचारायची गरजच पडली नाही."

बाई हो म्हणाल्या. चांगलं झालं म्हणाल्या. तसं ते चांगलंच होतं; त्यासाठीच तर दोन दिवस पाठ मोडली होती. तरी ते वाक्य त्यांनी मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्या ओळींत कुणी हात घातला होता आणि त्यांना हाक मारावी लागली नव्हती.

"फ्रेमचं काय करायचं?" साहेबांनी विचारलं.

"राहू द्या भिंतीवर. तिथे असली की कुणाच्या जिवाला धोका नाही."

संध्याकाळी काकू चपला सरकवत म्हणाल्या, "आज बरी होती." बाईंनी पिशवीतून प्रोग्रामच्या छापील पानांचा गठ्ठा काढला, दिवा लागायच्या आधी एकदा नजर टाकू म्हणून आणला होता. हातपाय धुऊन येईपर्यंत अक्का तो पुढ्यात घेऊन बसली होती. तिच्या हातात लाल पेन्सिल होती. ड्रॉवरमधून ती तिला नेहमी बरोबर सापडायची. यंत्राच्या भाषेतल्या ओळी ती सोडून देत होती आणि वरची वाक्यं बोट ठेवून मोठ्यानं वाचत होती.

"काविळीचे रुग्ण आधी घ्या. त्यांना फक्त सहा नंबर द्या." ती थांबली, मान हलवली आणि समासात बरोबरची खूण केली. "ज्यांना दिसत नाही त्यांना दाराजवळचं मशीन द्या." पुन्हा खूण. खिडकीच्या ओळीपाशी ती हसली. असं करत ती शेवटच्या पानाच्या शेवटच्या वाक्यापर्यंत आली आणि पेन्सिल खाली ठेवली.

"कुणाचा आहे हा पेपर?"

"धाकटीचा," बाई म्हणाल्या.

"रीत लिहिलीय सगळी," अक्का म्हणाली. "बरंय."

बाई चहा टाकायला उठल्या. पाणी उकळेपर्यंत मागे कागदांची सळसळ ऐकू आली. अक्कानं पानं पुन्हा सरळ लावली होती, पहिलं वर घेतलं होतं. आपल्या लाल खुणांकडे तिनं दुसऱ्या कुणाच्या तरी असाव्यात तसं पाहिलं, आणि बोट पहिल्या वाक्यावर ठेवलं.

"काविळीचे रुग्ण आधी घ्या," तिनं वाचलं, आणि थांबून, समजून, मान हलवली.